न्हाणीघराची फरशी

घरातल्या ज्या खोलीत माणूस दिवसाकाठी सर्वांत थोडा वेळ घालवितो, त्या न्हाणीघरावरच घराच्या भिंतींचे आयुष्य बहुतांशी अवलंबून असते. कारण छपरावर पाऊस पडतो तो वर्षाचे चार महिने, परंतु न्हाणीघरात तो बारा महिने, प्रत्यही, आणि तोही चार भिंतींच्या आत कोसळत असतो. कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या गावी, जेथे भुदरगडच्या डोंगरात उगम पावलेली वेदगंगा शिवारालगत वाहते, जेथे आषाढात भिंती बाहेरून ओल धरतात आणि कपडे दिवसचे दिवस वाळत नाहीत, तेथे ह्या आतल्या पाण्याचा बंदोबस्त करणे हे गृहरचनेतील प्रथम प्रतीचे कर्तव्य ठरते. असे असूनही घराची सुधारणा करावयास निघालेला गृहस्थ दुकानात जाऊन प्रथम रंग आणि नक्षी पसंत करतो, दर ठरवितो, गवंड्यास इसार देतो, आणि त्या फरशीच्या खाली काय असावे ह्याचा विचार मात्र ओल शेजारच्या खोलीत उतरेपर्यंत तहकूब ठेवतो. प्रस्तुत प्रकरणाचा हेतू हा क्रम उलटा करावा, एवढाच आहे.

फरशीने पाणी अडते, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो अर्धाच खरा आहे. झिलई चढविलेल्या फरशीच्या पृष्ठभागातून पाणी आत शिरत नाही हे निर्विवाद. परंतु न्हाणीघर अखंड एका फरशीचे नसते, फरशी-फरशीमध्ये सांधे असतात. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशा सामान्य न्हाणीघराच्या जमिनीवर एक फुटी फरशी बसविली, तर नुसते मधले सांधेच ५८ फूट लांबीचे होतात, आणि चारी भिंतींच्या कडेचे २४ फूट त्याहून वेगळे. ह्या साऱ्या सांध्यांत भरलेला मसाला सच्छिद्र असतो. त्यातून थेंब थेंब पाणी खाली उतरणारच, असे गृहीत धरून जो काम करतो तोच शहाणा गवंडी. फरशीचे खरे काम पाण्याला वाहावयास गुळगुळीत वाट देणे, जागा स्वच्छ ठेवता येईल अशी करणे आणि खालच्या थरांचे झिजेपासून रक्षण करणे हे होय. पाणी अडविण्याची जबाबदारी फरशीखालच्या थरांवर असते, आणि पाणी घालविण्याची जबाबदारी ढाळावर असते. ह्या दोन गोष्टी साधल्या, तर स्वस्तातली फरशीही एक पिढी टिकते. त्या साधल्या नाहीत, तर अतिमूल्यवान फरशीही पहिल्या काही पावसाळ्यांतच पोकळ वाजू लागते.

आपल्या पूर्वजांच्या घरांतील न्हाणी ह्या दृष्टीने पाहण्यासारखी होती. ह्या भागातील जुन्या घरांत ती बहुधा मागल्या बाजूस, परड्याच्या अंगाला असे. बसावयास एक घडीव दगड, शेजारी पाणी तापवावयाची चूल, तिच्यावर हंडा अथवा संपन्न घरात तांब्याचा बंब, विसणाला घंगाळ, आणि सांडलेले पाणी भिंतीतल्या एका भोकावाटे थेट बाहेर अळूच्या नि केळीच्या वाफ्यात. दगडाला सांधे थोडे, ढाळ ठसठशीत, खोलीला वाऱ्याची वाट मोकळी आणि पाण्याचा मार्ग उघड्यावर, त्यामुळे कोठे तुंबले तर तत्काळ दिसे. सोयीच्या दृष्टीने ती न्हाणी अपुरी होती, आणि स्त्रियांना तेथे मिळणारा आडोसा तर अनेक घरांत केवळ नावाचा होता, हे विसरता कामा नये. थंडीवाऱ्यात, अंधारात, निसरड्या दगडावर वृद्धांनी स्नान करावे हे काही अभिमानाने सांगावयाचे वैभव नव्हे. आजचे न्हाणीघर घरात आले, त्याला दार आणि कडी लागली, हा खरोखरीचा सामाजिक लाभ आहे. मात्र न्हाणी घरात येताना तिचे पाणीही घरात आले, पाण्याच्या नळ्या भिंतीत गडप झाल्या, आणि पूर्वी जे डोळ्यांना दिसत होते ते फरशीआड गेले. म्हणूनच जुन्या न्हाणीला जे ज्ञान लागत नव्हते, ते नव्या न्हाणीघराला लागते.

हे ज्ञान काही नवे नाही. सिंधुतीरावरील मोहेंजोदारो येथील जे विशाल स्नानकुंड १९२५-२६ च्या उत्खननात उजेडात आले, त्याच्या विटा जिप्समच्या मसाल्यात अत्यंत घट्ट बसविलेल्या होत्या, आणि तरीही केवळ त्या विटांवर न विसंबता त्यांच्या मागे डांबराचा सुमारे एक इंच जाडीचा थर दिलेला होता. त्याच नगरातील सामान्य घरांच्या स्नानाच्या जागाही भाजलेल्या विटांनी बांधून काढलेल्या आणि मोरीकडे उतरत्या केलेल्या आढळल्या. दिसणारा पृष्ठभाग, त्याच्यामागे न दिसणारा जलरोधक थर, आणि पाण्याला ठरवून दिलेला उतार: ही त्रयी साडेचार हजार वर्षांपूर्वी भारतीय कारागिरास अवगत होती, आणि अद्याप तीत काही वजा करण्यासारखे निघालेले नाही.

झिलईची रंगीत फरशी दख्खनेत आली ती मात्र शोभेसाठी. बहमनी वझीर महमूद गावान याने बीदर येथे १४७२ साली उभारलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर इराणी धर्तीच्या निळ्या-पिवळ्या फरश्यांचे जे अवशेष आजही शिल्लक आहेत, ते पाहिले म्हणजे त्या कलेचे तेज ध्यानात येते. परंतु सामान्यांच्या न्हाणीपर्यंत ती पोहोचली नाही. आपल्या भागात सामान्य घराचा आधार होता तो दगडाचा: कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची करडी फरशी, आंध्रातील काळा कडप्पा आणि पुढे राजस्थानातून येणारा हिरवट कोटा. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, ही गोष्ट वाचकाने येथेच मनात नोंदवून ठेवावी. निगेच्या प्रकरणी तिचे महत्त्व कळेल. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात, १९२२ साली, पिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ हा कारखाना काढून परदेशी फरशीच्या तोडीची सिमेंटची नक्षीदार फरशी देशात तयार करण्याचा उपक्रम केला. ही फरशी भट्टीत भाजावी लागत नसे. साच्यात दाबून, मग पाण्यावर मुरवून ती कठीण केली जाई. त्यानंतर घराघरांत मोझॅक आली, न्हाणीच्या भिंतींवर पांढरीशुभ्र चौकोनी झिलईची फरशी आली, आणि आज गुजरातेतील मच्छू नदीकाठच्या मोरबी शहरातील भट्ट्यांनी देशाच्या फरशीच्या बाजारपेठेत असे अग्रस्थान मिळविले आहे की, कागलच्या महामार्गावरून उतरून मुरगूडच्या एखाद्या घरात येणारा खोका बहुधा तिकडचाच असतो.

दुकानात मांडलेल्या फरश्यांत दिसणारे भेद अनेक असले, तरी घर बांधणाऱ्याने जाणावयाचा भेद मुख्यतः एकच, आणि तो पाणी पिण्याच्या शक्तीचा. भिंतीसाठी केलेली साधी सिरॅमिक फरशी तुलनेने हलक्या आचेवर भाजलेली, पाठीमागून सच्छिद्र असते आणि आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. उलट विट्रिफाइड फरशी अत्युच्च तापमानात काचेसारखी घट्ट झालेली असते आणि तिचे शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. म्हणजे एक किलो वजनाची पहिली फरशी शंभर ग्रॅमहून अधिक पाणी पिईल, तर तेवढ्याच वजनाची दुसरी फरशी पाच ग्रॅमच्या वर पिणार नाही. हा भेद बसविण्याच्या पद्धतीत फार मोठा फरक घडवून आणतो. सच्छिद्र फरशी सिमेंटच्या मसाल्यात बसवावयाची असेल, तर ती आधी पाण्यात बुडवून, तिच्यातून बुडबुडे येणे थांबेपर्यंत भिजू द्यावी लागते. कोरडी लावली, तर ती मसाल्यातलेच पाणी ओढून घेते आणि ज्या पाण्यावर सिमेंटने कठीण व्हावयाचे तेच नाहीसे होऊन मसाला भुसभुशीत राहतो. विट्रिफाइड फरशी भिजवून उपयोग नाही, कारण ती पाणी पीतच नाही. आणि ज्या छिद्रांत शिरून सिमेंटची पकड बसावयाची ती छिद्रेच तिला नसल्यामुळे, तिच्यासाठी पॉलिमर मिसळलेले तयार चिकटद्रव्य वापरणे आवश्यक असते. जुन्या सवयीने विट्रिफाइड फरशी साध्या सिमेंटवर चिकटविली जाते, आणि काही वर्षांनी ती अखंड निघून हातात येते, तेव्हा तिची पाठ स्वच्छ कोरी असते. दोष फरशीचाही नव्हे आणि सिमेंटचाही नव्हे. दोष विजोड जोडीचा असतो.

जमिनीसाठी आणखी एक ताकीद आवश्यक आहे. चकचकीत फरशी भिंतीवर शोभते, पायाखाली घातक ठरते. साबणाचे पाणी सांडले असता तिच्यावर पायाची पकड राहत नाही, आणि वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड न्हाणीघरात मोडणे ही घराघरांत ऐकू येणारी शोककथा आहे. जमिनीची फरशी खरखरीत, बिनचकाकीची घ्यावी आणि आकाराने लहान घ्यावी. लहान फरशीस सांधे अधिक असतात, म्हणून पायाला धर मिळतो. शिवाय चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यावयाचा असता लहान तुकडे सहज वळतात, तर दोन फुटी फरशी एका प्रतलात हट्टाने उभी राहते आणि तिच्या कोपऱ्यात पाण्याचे डबके साचते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. न्हाणीघर सुधारावयाचे ठरले की जुनी फरशी उखडून खालचा कोबा उघडा करावा. जुन्या फरशीवरच नवी चिकटविण्याची तजवीज पुष्कळजण सुचवितात. तिने श्रम आणि वेळ वाचतो, परंतु खालच्या थरात मुरलेली ओल आणि फुटलेली नळी जशीच्या तशी झाकली जाते. उखडल्यावर प्रथम नळ्यांचे काम. भिंतीत जाणाऱ्या थंड व गरम पाण्याच्या नळ्या, शॉवरची जागा, गीझरची वायर, सौर बंबाकडून येणारी नळी हे सारे आधी कायम करून, नळ्यांची तोंडे बुचांनी बंद करून, त्यांत दाबाखाली पाणी भरून ठेवावे आणि दाब उतरत नाही अशी खात्री पटल्यावाचून एकही खाच बुजवू नये. जमिनीतल्या जाळीखाली जे नहाणी ट्रॅप बसवितात, त्याच्या वाकणात सदैव सुमारे दोन इंच पाणी उभे राहावयास हवे, कारण गटाराची दुर्गंधी आणि झुरळे यांना अडविणारा तोच एकमेव पहारेकरी होय. जे न्हाणीघर फारसे वापरात नसते त्यातील हे पाणी आटून जाते आणि घरात वास सुटतो, तेव्हा तांब्याभर पाणी ओतणे हाच त्यावरचा साधा उपाय.

त्यानंतर जलरोधाचा थर. ह्या कामी मुंबईकडे आणि आपल्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा चिरपरिचित आहे: विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून, वरून घोटून त्यालाच ढाळ दिला जातो. हा कोबा ढाळासाठी आणि खोलगट जागा भरण्यासाठी उत्तम असला, तरी तडकला तर पाणी पितो. सबब त्याच्यावर पॉलिमर आणि सिमेंट यांच्या मिश्रणाचे, काहीसे लवचिक राहणारे लेपन दोन हातांत, पहिला हात आडवा तर दुसरा उभा असे द्यावे. हा लेप जमिनीवर थांबवू नये. भिंतीवर किमान एक फूट, आणि जेथे शॉवरचे पाणी आपटते तेथे डोक्याच्या वरपर्यंत चढवावा. भिंत आणि जमीन मिळते त्या काटकोनात आधी मसाल्याचा गोलसर वाटा मारून घ्यावा, कारण लेप तडकतो तो त्याच कोपऱ्यात. ट्रॅपच्या नळीभोवतीची जागा सर्वांत नाजूक असते. सिमेंट आणि प्लास्टिक यांचा संयोग कधीच पूर्ण होत नाही, म्हणून तेथे जाळीची पट्टी घालून लेप दुहेरी करावा.

लेप वाळला की परीक्षा. ट्रॅपचे तोंड बुचाने बंद करावे, दारात मसाल्याचा तात्पुरता बांध घालावा, दोन इंच पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि किमान २४ तास, शक्य तर ४८ तास, ते पाणी तसेच उभे ठेवावे. खालच्या मजल्याच्या छताला डाग दिसला, शेजारच्या भिंतीला ओल आली अथवा पातळी बाष्पीभवनाने घटेल त्याहून स्पष्टपणे घटली, तर काम येथेच थांबले पाहिजे. सर्व कामांत ही एकच पायरी अशी आहे की जिला खर्च जवळजवळ नाही, आणि हीच पायरी घाईत सर्वाधिक वेळा गाळली जाते. गवंड्याला दुसऱ्या घरी जावयाचे असते, घरच्या मंडळींना न्हाणीघर लवकर हवे असते, कार्य जवळ आलेले असते. आणि दोन दिवसांच्या ह्या दिरंगाईची किंमत पुढे दहा वर्षे भिंत मोजीत राहते. घरमालकाने इतर सर्व बाबतींत कारागिराच्या अनुभवास मान द्यावा, परंतु पाणी भरून पाहिल्यावाचून फरशीचा खोका उघडू देऊ नये.

ढाळ किती असावा, हा प्रश्न साध्या हिशेबाचा आहे. ऐंशी इंचांत एक इंच इतका उतार पाण्याला पुरतो. तेव्हा दारापासून जाळीपर्यंत सात फूट अंतर असेल, तर दारापेक्षा जाळी सुमारे एक इंच खाली हवी. याहून कमी ढाळ दिला तर पाणी रेंगाळते आणि शेवाळ धरते. फार अधिक दिला तर उभ्या माणसाचा तोल जातो आणि बादली डुगडुगते. दाराचा उंबरा कडप्पाचा किंवा ग्रॅनाइटचा एकसंध असावा आणि न्हाणीघराची जमीन दारापाशीच बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खोल सुरू व्हावी, म्हणजे तुंबलेले पाणी एकदम माजघरात शिरणार नाही.

भिंतींच्या बाबतीत सरळपणा हाच धर्म. गिलावा ओळंब्यात आहे की नाही हे फरशी लावण्यापूर्वी पाहावे. भिंत कललेली असेल, तर फरशीच्या मागच्या मसाल्याने तो कल लपविण्यापेक्षा गिलाव्याचाच दुसरा हात मारणे बरे. समपातळीसाठी गवंड्याजवळ पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते. तिची दोन टोके खोलीच्या दोन कोपऱ्यांत धरली असता दोहोंतील पाणी एकाच उंचीवर उभे राहते, आणि निसर्गनियमाची ही साधी साक्ष महागड्या यंत्राइतकीच विश्वसनीय ठरते. काटकोन पाहावयास गुण्या आहेच. मोठ्या मापात एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून खुणांमधील अंतर पाच फूट भरते का ते पाहावे. शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदी आखण्यासाठी दोरीने जी भूमिती वापरली, तीच आजही न्हाणीघराच्या कोपऱ्यात कामास येते, आणि तिचा वापर करणाऱ्या कारागिराच्या विद्येकडे आपण जितक्या आदराने पाहावयास हवे तितक्या आदराने पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

किती फरशी लागेल याचाही अंदाज घरमालकाने स्वतः काढावा. पूर्वोक्त पाच बाय सात फुटांच्या खोलीचा घेर २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत फरशी लावावयाची तर १६८ चौरस फूट होतात. त्यातून अडीच फूट रुंदीच्या दाराचे साडेसतरा आणि झरोक्याचे तीन चौरस फूट वजा जाता सुमारे १४७ उरतात; तोडमोडीसाठी दहा टक्के धरून १६२ चौरस फूट. बारा बाय अठरा इंचाची एक फरशी दीड चौरस फुटाची, म्हणून १०८ नग. जमिनीचे ३५ चौरस फूट, तोडमोडीसह ३९. ह्याखेरीज काही नग राखून ठेवावे, आणि सर्व खोके एकाच तुकडीचे आहेत ना हे त्यांवरील क्रमांक ताडून पाहावे. कारण भट्टीच्या प्रत्येक तुकडीत रंगाची छटा आणि आकारही किंचित बदलतो, आणि तो भेद दुकानातल्या दिव्यात दिसत नसला तरी भिंतीवर कायमचा दिसत राहतो.

लावणीपूर्वी फरशी जमिनीवर कोरडीच मांडून पाहावी, म्हणजे कोठे तुकडा येतो ते कळते. बारीक चिरोट्या दर्शनी कोपऱ्यात येऊ देऊ नयेत. तुकडे दाराआड जावेत, आणि शक्यतो अर्ध्या फरशीहून लहान तुकडा कोठेही नसावा. भिंतीची सर्वांत खालची ओळ तेवढी रिकामी ठेवून, दुसऱ्या ओळीखाली समपातळीत एक पट्टी ठोकून तिच्यावरून वर चढत जावे. जमीन पूर्ण झाली की शेवटी ती खालची ओळ जमिनीच्या फरशीवर टेकवून बसवावी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता फरशीवर येते. चिकटद्रव्य दातेरी थापीने भिंतीवर सर्वत्र सारखे ओढावे. फरशीच्या पाठीवर चार-पाच गोळे ठेवून ती दाबून बसविण्याची चाल सोयीची असली, तरी गोळ्यांच्या मधली पोकळी पुढे पाण्याचे कोठार बनते आणि खिळा ठोकताच फरशी तडकते. कालविलेल्या द्रव्यावर काही वेळाने पापुद्रा धरतो. त्यापूर्वीच फरशी बसली पाहिजे, म्हणून एका वेळी हातभरच जागा घ्यावी. दोन फरश्यांत दोन-तीन मिलिमीटरचा सांधा प्लास्टिकच्या फुल्या घालून राखावा. सांध्यावाचून एकाला एक भिडविलेली फरशी दिसावयास अखंड दिसते, परंतु उष्णतेने प्रसरण पावताना तिला जागा उरत नाही आणि ती उचलली जाते.

ऊस आणि गूळ ही मुरगूडच्या परिसराची जीवनरेखा; तेव्हा एक गोष्ट ह्या मुलखाच्या वाचकास विशेष करून सांगितली पाहिजे. जुन्या चुन्याच्या बांधकामात घाणीत दळलेल्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी मिसळीत, आणि त्याने चुन्याचे काम चिवट होई, हे सर्वश्रुत आहे. ह्या परंपरेच्या आदरापोटी सिमेंटमध्येही गूळ चालेल असे कोणास वाटले, तर तो घात होय. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन याने ज्याचे पेटंट घेतले त्या पोर्टलंड सिमेंटची प्रकृती चुन्याहून भिन्न आहे. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगाने, आणि शर्करा नेमकी तीच क्रिया रोखून धरते. सिमेंटच्या वजनाच्या हजारांत एक भाग इतकी साखरही ती क्रिया लांबवावयास पुरेशी होते. गुऱ्हाळावरील काकवीचा डबा, गुळाच्या ढेपेचे फडके किंवा साखरेचे रिकामे पोते मसाला कालविण्याच्या जागी न आणणे हा ह्या भागापुरता एक स्वतंत्र नियमच समजावा.

फरशी लागल्यावर किमान एक दिवस तिला हात लावू नये. मग सांध्यांतील माती आणि मसाल्याचे कण खरडून काढून दर्जा भराव्या. पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या दर्जा स्वस्त पडतात, पण काळ्या पडतात आणि झिजतात. इपॉक्सीची दर्ज महाग आणि भरावयास किचकट असली, तरी ती पाणी पीत नाही, म्हणून निदान जमिनीला आणि शॉवरखालच्या भिंतीला तीच भरावी. दोन भिंती मिळतात त्या उभ्या कोपऱ्यात आणि भिंत-जमिनीच्या कडेला कठीण दर्ज न भरता सिलिकोनसारखे लवचिक द्रव्य भरावे, कारण इमारत थोडी हालते ती तेथे. काम पुरे झाल्यावर नाण्याने किंवा काठीच्या टोकाने प्रत्येक फरशी वाजवून पाहावी. भरीव नाद आला तर पकड पक्की. पोकळ नाद आला, तर बिल चुकते करण्यापूर्वीच ती काढून पुन्हा बसवून घ्यावी.

वेदगंगेच्या खोऱ्यातील भूमीविषयी दोन शब्द. येथील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. न्हाणीघराचे पाणी पायाशी मुरत राहिले, तर त्या एकाच कोपऱ्याची माती फुगत-आकसत राहते आणि भिंतीला तिरकी चीर पडते. म्हणून सांडपाण्याची नळी पायापासून दूर, नगरपरिषदेच्या गटाराला किंवा भोवतालच्या गावांत परड्यातील शोषखड्ड्याला नीट उताराने जोडावी. २००५, २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर जिल्ह्याने जे महापूर पाहिले, त्यांनी आणखी एक धडा दिला आहे: पूर चढला की गटाराचे पाणी उलट दिशेने न्हाणीघरातच वर येते. सखल भागातील घराने बाहेरच्या नळीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवावी. पुरात भिजलेल्या भिंतीवर तर लगेच फरशी लावू नये. भिंतीत कोंडलेली ओल बाहेर पडताना क्षार घेऊन येते, लोणा धरतो आणि नव्या फरशीला मागून ढकलतो. अशी भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी राहू द्यावी.

निगेबद्दल सांगावयाचे ते थोडके. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग घालविण्यासाठी बाजारात जे तीव्र ॲसिड मिळते, ते डाग घालविते तसेच सिमेंटच्या दर्जाही खाते. आणि जमिनीला शहाबाद, कडप्पा अथवा कोटा असेल, तर चुनखडीचा तो दगडच ॲसिडने फसफसून त्याचा पृष्ठभाग खरवडून निघतो. साबण, ब्रश आणि स्नानानंतर भिंतीवरून एकदा फिरविलेला रबरी पुसणा एवढ्याने डाग मुळात पडतच नाहीत. झरोका उघडा ठेवावा. जी ओल वारा नेतो, ती घालवावयास दुसरे काही लागत नाही.

ह्या सर्व विवेचनाचा निष्कर्ष खर्चाच्या क्रमात सांगता येतो. हातातील रक्कम मर्यादित असेल, आणि बहुतेक घरांत ती असतेच, तर प्रथम नळ्या आणि ट्रॅप, मग जलरोधाचा लेप, मग ढाळ, मग चिकटद्रव्य आणि दर्ज, आणि जे उरेल त्यात बसेल ती फरशी घ्यावी. कारण फरशी पुढे केव्हाही बदलता येते, खालचे काम मात्र तिला फोडल्याशिवाय बदलता येत नाही. आणि काम झाकले जाण्यापूर्वी एक दस्तऐवज अवश्य तयार करावा: कोणत्या भिंतीत, जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर कोणती नळी आणि कोणती वायर गेली आहे, याचा मापांसह नकाशा काढून, उघड्या भिंतींची छायाचित्रे त्याला जोडून, लेपाचे नाव, फरशीच्या तुकडीचा क्रमांक आणि कामाची तारीख त्यावर घालून, तो घराच्या कागदपत्रांत, खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या शेजारी ठेवावा. पंधरा-वीस वर्षांनी आरसा टांगण्यासाठी किंवा वृद्धांच्या आधाराचा दांडा बसविण्यासाठी त्या भिंतीला भोक पाडावयाची वेळ येईल, तेव्हा घरात कदाचित पुढची पिढी असेल आणि गवंडीही दुसरा असेल; त्या दोघांनाही भिंतीच्या आत काय आहे हे सांगणारे त्या कागदावाचून दुसरे कोणी नसेल.